टाचदुखी आणि पादत्राणं: एका घरातल्या चौघांसाठी काय घ्यावं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६, शाळेत शिक्षिका, रोज पाच-सहा तास उभ्यानं काम. तीन महिन्यांपासून सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की उजव्या टाचेत कळ येते. थोडं चाललं की कमी होते, संध्याकाळी पुन्हा टाच ठणकते. एक्स-रेमध्ये ‘टाचेचं हाड वाढलंय’ असं निघालं. घरात अनवाणी, शाळेत पातळ सोलची सपाट चप्पल. दुकानदारानं सुचवलेले महागडे, अगदी मऊ शूज घेऊनही फरक नाही. घरात ७१ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना १८ वर्षांपासून मधुमेह आहे. मुलगा १२ वर्षांचा, फुटबॉल खेळतो, त्याचीही टाच दुखते. यजमान अर्धमॅरेथॉनची तयारी करताहेत आणि अनवाणी पळल्यासारखे वाटणारे पातळ सोलचे शूज घ्यायचं त्यांच्या मनात आहे. चौघांसाठी काय घ्यावं?

चौघांना एकच बूट सुचवता येणार नाही. पण चौघांनाही लागू पडणारी एक गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. बूट शरीराचा भार नाहीसा करत नाही, तो भार पायाच्या एका भागावरून दुसऱ्या भागावर सरकवतो. टाच उंच केली की पोटरी आणि टाचेमागचा अकिलीस टेंडन यांच्यावरचा ताण कमी होतो, पण चवड्यावर वजन वाढतं. टाच आणि चवडा एका पातळीवर आणले की चवड्याला हलकं वाटतं, पण पोटरी आणि टाचेला जास्त राबावं लागतं. न वाकणाऱ्या कडक सोलमध्ये अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या दुखऱ्या सांध्याला विश्रांती मिळते, पण तळपायातल्या छोट्या स्नायूंना कामच उरत नाही. म्हणून ‘सगळ्यात चांगला बूट कोणता’ यापेक्षा ‘माझा कोणता भाग दुखतोय, तिथला भार कुठे पाठवायचा आणि तो दुसरा भाग हे ओझं पेलेल का’ हे विचारायला हवं.

आता तुमच्या टाचेकडे वळू. सकाळचं पहिलं पाऊल दुखणं आणि थोडं चालल्यावर हलकं होणं, ही तळपायाच्या पट्ट्याच्या दुखण्याची ओळखीची खूण आहे. या पट्ट्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. तो टाचेच्या हाडाच्या तळापासून निघून पाचही बोटांच्या मुळांपर्यंत जातो आणि पायाची कमान ताणून धरतो. पाऊल उचलताना अंगठा वर वळला की हा पट्टा ताणला जातो. घरी तपासायचं असेल तर पाय मांडीवर घ्या, अंगठा वरच्या दिशेनं ताणून धरा आणि टाचेच्या तळाला, आतल्या कडेला, जिथे टाच संपून कमान सुरू होते तिथे दाबा. नेमकं तिथेच दुखलं तर संशय बराचसा खरा.

एक्स-रेमधलं वाढलेलं हाड मनातून काढून टाका. टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही असं टोक दिसतं. ते टोक टोचतंय म्हणून दुखतंय, हा समज चुकीचा आहे आणि ते ‘काढून टाकण्याच्या’ मागे लागू नये.

काही खुणा मात्र वेगळं सांगतात. टाचेच्या दोन्ही बाजू तळहातांमध्ये धरून दाबल्यावर खोलवर दुखत असेल तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. तळव्यात मुंग्या, जळजळ किंवा बधिरपणा असेल तर मज्जातंतू दबलेला असण्याची शक्यता असते. दोन्ही टाचा एकदम दुखतात, शिवाय सकाळी कंबर अर्धा तासाहून जास्त वेळ आखडलेली असते, असं असेल तर संधिवाताच्या तज्ज्ञांना दाखवा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सूज, ताप यांतलं काही असेल तर बुटांचा विचार नंतर, आधी डॉक्टर.

दुखणं सुरू कसं झालं असेल? सकाळी सहापासून व्हिट्रिफाइड टाइल्सवर अनवाणी ओट्यासमोर उभं राहणं, मग पातळ सपाट चप्पल घालून वर्गात उभं राहणं. चाळिशीनंतर टाचेखालची चरबीची गादी आधीसारखी लवचिक राहत नाही. त्यात मागून मोकळी चप्पल निसटू नये म्हणून बोटं प्रत्येक पावलाला तिला पकडून धरतात. ही पकड आपल्या लक्षातही येत नाही, पण दिवसातून हजारो वेळा ती तळपायाचे स्नायू आणि पट्टा ताणत असते. मे महिन्याची सुट्टी संपून जूनमध्ये शाळा सुरू झाली की शिक्षकांचा उभं राहण्याचा वेळ एकदम वाढतो. वजन वाढलेलं असेल किंवा चालण्याचा नवा नेम धरला असेल, तर त्याचीही भर पडते. पट्ट्याला सवय नसताना काम अचानक वाढलं, एवढं दुखणं सुरू व्हायला पुरतं.

महागड्या मऊ शूजनी काम का केलं नाही, हे तुम्हालाच बघता येईल. बूट टेबलावर ठेवा आणि टाचेच्या जागी आत अंगठा जोरानं दाबा. फोम अंगठ्याखाली पार तळाला गेला, तर पूर्ण वजन आल्यावर टाचही तशीच खाली जाते. बाहेरून टाच तीन सेंटिमीटर उंच दिसली तरी पाय घातल्यावर ती चवड्याच्या पातळीला येते, म्हणजे तुम्ही पुन्हा सपाट चपलेवरच उभ्या असता. शिवाय अतिमऊ सोलवर घोटा आत-बाहेर डोलतो आणि तो सावरण्यासाठी तळपायाला जास्त काम करावं लागतं. दुकानात दोन मिनिटं घालून गादीवर उभं राहिल्यासारखं सुख वाटतं, पण चार तास वर्गात उभं राहिल्यावर काय होतं हे दुकानात कळत नाही.

तुम्हाला हवा तो बूट किंवा सँडल असा असावा. टाच चवड्यापेक्षा ८ ते १२ मिलिमीटर उंच. फोम असा की अंगठ्यानं दाबल्यावर थोडा दबतो आणि लगेच वर येतो. मागचा कप, म्हणजे टाचेला वेढणारा भाग, दोन बोटांत दाबला तर चपटा होता कामा नये. आता एका हातानं टाच आणि दुसऱ्यानं पुढचं टोक धरून बूट वाकवा. तो चवड्यापाशी, बोटं जिथे वळतात तिथेच वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर कमानीला त्याचा काही आधार नाही, तो घेऊ नका. शेवटी ओला कपडा पिळतो तसा पीळ द्या, थोडा पिळला जाणं ठीक, सहज पिळला जाणं नाही. बूट मागून डोळ्यांच्या पातळीवर धरून तो एका बाजूला कलंडलेला तर नाही ना हेही बघा. नव्या जोडीतही हा दोष सापडतो.

साडीवर किंवा पंजाबी ड्रेसवर शूज नको वाटत असतील, तर मागे पट्टा असलेली सँडल घ्या. पुढे आणि घोट्याशी पट्टा घट्ट-सैल करता आला पाहिजे. मागचा पट्टा असला की बोटांना पकड धरावी लागत नाही, आणि माझ्या मते तुमच्यासाठी हाच बदल सगळ्यात महत्त्वाचा आहे. आवडीची कोल्हापुरी कायमची टाकायची गरज नाही. तिचा चामड्याचा तळ टिकाऊ असतो आणि निरोगी पायांना ती उत्तम चालते. पण तळ सपाट, कडक आणि मागून मोकळा असल्यामुळे दुखणं शांत होईपर्यंत ती लग्नकार्यापुरतीच ठेवा.

घरात काय घालायचं हा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि नेमकं तिथेच औषध पाण्यात जातं. बाहेर आठ तास चांगली सँडल घालून घरी आल्यावर चार तास टाइल्सवर अनवाणी उभं राहिलं तर पट्टा रोज नव्यानं दुखावतो. घरासाठी वेगळी जोडी घ्या, जी उंबऱ्याबाहेर जाणार नाही. टाचेखाली दोन-अडीच सेंटिमीटर जाडी आणि मागे पट्टा असावा. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकण्याआधी ती हाताशी असली पाहिजे. स्वयंपाकघरात किंवा देवघराजवळ पायात काहीच चालत नसेल तर ओट्यासमोर साधारण दोन सेंटिमीटर जाडीची घट्ट रबरी चटई टाका. मऊ, लोळणारं पायपुसणं नको, त्यावर पाय घसरतो.

आता इनसोल, म्हणजे बुटाच्या आत पायाखाली घालायचा तळ, त्याबद्दल. पायाचा साचा घेऊन बनवलेल्या महाग इनसोलची घाई करू नका. ऑस्ट्रेलियात टाचदुखीच्या १३५ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इनसोलनं सुरुवातीला थोडा फायदा दिसला. पण तयार इनसोल आणि साच्याचं इनसोल यांत विशेष फरक नव्हता, आणि वर्षभरानंतर तुलनेसाठी दिलेल्या, नुसत्या दिखाव्याच्या पातळ इनसोलवाल्यांची अवस्थाही तशीच होती. म्हणजे तयार, थोडं घट्ट इनसोल वापरून बघायला हरकत नाही, पण त्याच्यावर सगळी आशा ठेवू नये. सिलिकॉनचा टाचकप घेतला तर तो दोन्ही पायांत घाला. एकाच पायात घातला की एक पाय उंच होतो आणि कंबर कुरकुरायला लागते. चुंबकाच्या इनसोलवरही तपासणी झाली आहे. चुंबक असलेल्या आणि नसलेल्या इनसोलमध्ये फरक आढळला नाही.

आणि बूट कितीही योग्य असला तरी तो पट्ट्याला मजबूत करत नाही, तो फक्त त्याला श्वास घ्यायला जागा देतो. मजबुतीसाठी व्यायाम लागतो. सकाळी पहिलं पाऊल टाकण्याआधी पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हातानं बोटं नडगीच्या दिशेनं ओढा, तळव्यातला पट्टा दोरीसारखा हाताला लागला पाहिजे. दहा सेकंद धरा, दहा वेळा करा, दिवसातून तीन वेळा.

दुसरा व्यायाम जास्त महत्त्वाचा आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये तो फक्त ताण देणाऱ्या व्यायामाशी ताडून पाहिला, तेव्हा तीन महिन्यांनी या व्यायामाचा गट पुढे होता. जिन्याच्या पायरीवर चवडा ठेवा, टाच हवेत. बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, म्हणजे अंगठा आणि बोटं वर वळलेली राहतील. हा टॉवेल महत्त्वाचा, त्याच्याशिवाय पट्ट्यावर पुरेसा ताण येत नाही. कठडा धरा. एका पायावर तीन सेकंदांत वर, वर दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा केल्यावर तेरावा जमू नये एवढं वजन हवं. हलकं वाटलं तर पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं भरा. एका पायावर जमत नसेल तर आधी दोन्ही पायांवर करा. एक दिवसाआड, तीन फेऱ्या. दोन आठवड्यांनी वजन वाढवून दहाच्या चार फेऱ्या, आणखी दोन आठवड्यांनी आठच्या पाच. करताना थोडं दुखलं तर चालतं. दहापैकी चार-पाचच्या वर कळ गेली किंवा दुसऱ्या दिवशी सकाळचं पाऊल आधीपेक्षा जड झालं तर वजन कमी करा, व्यायाम सोडू नका.

फरक पडायला आठवडे नाहीत, महिने लागतात. तीन महिन्यांत बरंच हलकं व्हावं. ‘एक इंजेक्शन घेतलं की संपलं’ असं कोणी म्हणालं तर हे लक्षात ठेवा, की स्टेरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडे आराम पडतो, पण वारंवार घेतल्यास टाचेची गादी पातळ होण्याचा आणि पट्टा तुटण्याचा धोका असतो. निर्णय अस्थिरोग तज्ज्ञांशी बोलूनच घ्या.

आता मापाबद्दल, कारण बूट खरेदीतल्या निम्म्या चुका इथेच होतात. आपल्याकडे बहुतेक बुटांवर यूके नंबर असतो आणि एका नंबरमध्ये सुमारे साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. अर्धे नंबर अनेक दुकानांत मिळत नाहीत. त्यात आपल्याकडे पुष्कळ जणांचा चवडा रुंद असतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभरात एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं घेतली. परदेशी मापांचे बूट आपल्या पायांना अरुंद पडतात, हेच त्यातून पुढे आलं. रुंदी पुरत नाही म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो, आणि चूक तिथेच होते. लांब बुटात सोलची वाकण्याची जागा बोटांच्या सांध्यापुढे सरकते. पाय एका ठिकाणी वाकतो, बूट दुसऱ्या ठिकाणी. टाच मागून निसटते, बोटं आकडतात, चवड्याखाली घट्टे पडतात, करंगळीवर भोवरी येते. लांबी वाढवून रुंदी मिळत नाही. रुंद साच्याचा बूटच शोधावा लागतो.

माप असं घ्या. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा आणि सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा. पुष्कळांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं. दोन्ही पाय मोजा, मोठ्या पायाचं माप धरा. बुटाचं आतलं इनसोल काढून त्यावर उभं राहा. पुढे १० ते १२ मिलिमीटर जागा राहिली पाहिजे आणि चवड्याची कडा इनसोलबाहेर सांडता कामा नये. इनसोल निघत नसेल तर कागदावर पायाची बाह्यरेषा काढून, ती कापून बुटात सरकवा. कागद दुमडला तर पायही आत दुमडणार. ‘घालून घालून सैल होईल’ हे बुटाचा वरचा भाग चामड्याचा असेल तर थोडंफार खरं आहे, रेक्झिन आणि प्लास्टिकबाबत मुळीच नाही.

सासूबाईंचं सगळंच वेगळं आहे आणि ते सर्वांत निकडीचं आहे. १८ वर्षांच्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झालेली असणं अगदी शक्य आहे. दुखत नाही म्हणजे पाय चांगला, असं इथे समजता येत नाही, उलट न दुखणं हाच धोका असतो. डॉक्टरांकडून वर्षातून किमान एकदा दहा ग्रॅमच्या नायलॉन तंतूची तपासणी करून घ्या. तो तंतू तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबतात. डोळे मिटून तो स्पर्श कळला नाही तर संरक्षक संवेदना गेली, असं धरतात. पायातली नाडीही त्याच वेळी बघून घ्या.

बधिर पायांच्या चपलांचं बरंचसं ज्ञान आपल्या देशातच तयार झालं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिलं, की बोटं आणि तळवे रोगानं आपोआप झडत नाहीत. दुखणं कळत नाही म्हणून त्याच जागेवर पुन्हा पुन्हा दाब पडतो आणि तिथे जखम होते. त्यातूनच मायक्रोसेल्युलर रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या चपला पुढे आल्या. आज मधुमेहाच्या पायांसाठी मिळणाऱ्या पुष्कळ चपला त्याच रबरावर बेतलेल्या असतात. आत मऊ एमसीआर, खाली काटा-काच आत न येऊ देणारा घट्ट सोल, अशी ती रचना.

त्यांच्या चपलेत पुढच्या गोष्टी बघा. अंगठा आणि दुसऱ्या बोटामधून जाणारा पट्टा नको, तिथे चामडी घासून फाटते आणि त्यांना कळतही नाही. मागे पट्टा हवाच. बधिर पायातून चप्पल निसटली तरी माणूस तसाच चालत राहतो. बंद करायला वेल्क्रो असावा, म्हणजे सुजेप्रमाणे सैल करता येतो. आतली लांबी पायापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर जास्त, बोटांवर पुरेशी उंची, आतून एकही उंच शिवण किंवा खिळा नाही. प्रत्येक वेळी घालण्याआधी आत हात फिरवा. खडा, डाळीचा दाणा, नाणं, काहीही सापडतं. नवी जोडी पहिल्या दिवशी एक तासच घालायची, मग चप्पल काढून तळवा आणि बोटांच्या कडा बघायच्या. लालसर डाग अर्ध्या तासात गेला नाही तर ती चप्पल त्यांची नाही. डाग पडत नसतील तर रोज तासा-तासानं वेळ वाढवा.

अॅक्युप्रेशरच्या काट्यांची चप्पल त्यांना भेट म्हणून कोणी आणली तर नम्रपणे बाजूला ठेवा. अशा पायावर एका बिंदूवर दाब म्हणजे जखमेला आमंत्रण. भोवरीवर लावायच्या औषधी पट्ट्याही नकोत, त्यातलं सॅलिसिलिक अॅसिड चांगली चामडीही जाळतं. घट्टे ब्लेडनं कापायचे नाहीत. गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत. आणि देवळात जाताना विशेष जपा. चैत्र-वैशाखात दुपारी प्रदक्षिणेच्या फरशीवर अनवाणी चालून तळवे भाजतात आणि घरी आल्यावर तळवा रक्तानं किंवा पाण्यानं ओला झाला की मग कळतं. दर्शन सकाळी लवकर घ्या, जाड सुती मोजे घालून जा, मोजे उलटे घातले तर शिवण बाहेर राहते. घरातही त्यांनी अनवाणी राहू नये. रोज रात्री तळवे आणि बोटांमधल्या फटी कोणीतरी बघाव्यात, किंवा जमिनीवर आरसा ठेवून त्यांनी स्वतः. एका पायाची एखादी जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा स्पष्ट गरम लागली, फोड आला, पाणी आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. ‘दोन दिवस हळद लावून बघू’ यात पाय जातो.

मुलाची टाच मागून किंवा दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखत असेल आणि खेळल्यानंतर तो लंगडत असेल, तर त्याच्या वयात ही बहुधा टाचेच्या हाडाच्या वाढीच्या भागाची सूज असते. साधारण आठ ते चौदा वर्षांत, उंची झपाट्यानं वाढताना पोटरी ताणलेली असते आणि ती हा कच्चा भाग ओढत राहते. मोठं झाल्यावर हा भाग पक्का होतो आणि दुखणं जातं. तोवर रोजच्या बुटात आणि खेळाच्या बुटात, दोन्ही पायांत, ६ ते १० मिलिमीटरची टाचेची पाचर घाला आणि काही आठवडे खेळाचा वेळ कमी करा. फुटबॉलचे लांब दाताचे, सपाट टाचेचे बूट आपल्या वाळलेल्या कडक मैदानांवर त्रास देतात, कारण दात जमिनीत रुततच नाहीत आणि टाचेवर टोचत राहतात. त्याऐवजी बारीक, आखूड, पुष्कळ दात असलेले टर्फ शूज घ्या.

जूनमध्ये वर्षभर पुरावेत म्हणून एक नंबर मोठे शाळेचे बूट घेणं थांबवा. बोटापुढे एक सेंटिमीटर जागा पुरे, आणि दर तीन-चार महिन्यांनी इनसोल काढून तपासा. घरी, गवतावर, वाळूवर त्याला अनवाणी खेळू द्या. कर्नाटकातल्या अस्थिरोग तज्ज्ञांनी चार ते तेरा वर्षांच्या २,३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासले होते, अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी राहणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटांत ते सर्वाधिक होतं, चपला-सँडलमध्ये कमी. लहान मुलांना चालायला लागल्या लागल्या कडक बूट घालणाऱ्या पालकांनी हे आकडे नीट वाचावेत.

यजमानांना सांगा, पातळ सोल वाईट नाही, घाई वाईट आहे. अनवाणी पळणारे पुष्कळ जण टाचेऐवजी चवडा आधी टेकवतात आणि जमिनीचा पहिला धक्का सौम्य होतो, हे २०१० मध्ये केनियातल्या आणि अमेरिकेतल्या धावपटूंवर दाखवलं गेलं. पण तो भार हवेत विरत नाही, पोटरी आणि चवड्याच्या हाडांवर जातो. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीचे बूट सोडून पाच बोटांच्या पातळ बुटांवर जाणाऱ्या धावपटूंच्या पायांचा एमआरआय दहा आठवड्यांनी काढला, तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांच्या हाडांत सूज वाढलेली होती. तुलनेच्या गटात तसं क्वचितच दिसलं.

शर्यत तोंडावर असेल तर आत्ता बदल करू नका. शर्यत झाल्यावर करायचा असेल तर आधी एका पायावर सलग २५ टाचा उचलता येतात का बघा. दोन-तीन आठवडे त्या बुटांत नुसतं चाला. मग आठवड्यातून दोनदा, नेहमीच्या धावण्याच्या शेवटी नव्हे तर सुरुवातीला, अर्धा किलोमीटर. दर आठवड्याला तेवढंच वाढवा. पायाच्या वरच्या बाजूला दुसऱ्या-तिसऱ्या बोटामागच्या हाडावर बोट ठेवून नेमकं एका जागी दुखलं तर धावणं त्याच दिवशी बंद, तो हाडाचा तडा असू शकतो.

‘पायाची कमान बघून’ स्थैर्याचे किंवा नियंत्रणाचे, म्हणजे पाय आत कलू न देणारे बूट सुचवणाऱ्या यंत्रावर फार विसंबू नये. अमेरिकेच्या भूदल, हवाईदल आणि मरीन प्रशिक्षणार्थींना कमानीप्रमाणे बूट वाटून बघितले होते, दुखापती त्यामुळे कमी झाल्या नाहीत. पहिल्या मिनिटापासून आरामशीर वाटतो तो बूट घ्यावा. त्याहून उपयोगी म्हणजे दोन वेगवेगळ्या जोड्या आलटून पालटून वापरणं. लक्झेंबर्गमधल्या २६४ धावपटूंच्या अभ्यासात एकाहून अधिक जोड्या वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी होता. दर वेळी भार थोड्या वेगळ्या जागी जातो. उतारावर बोटं पुढे आदळून नखं काळी पडत असतील तर बूट मोठा घेण्याआधी नाडी बांधण्याची पद्धत बदला. सर्वांत वरच्या दोन भोकांतून दोन्ही बाजूंना छोटा फास करून विरुद्ध बाजूची नाडी त्यातून ओवा आणि मागे ओढा, टाच जागेवर बसते. जोडी ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदलावी. तळ शाबूत दिसला तरी मधला फोम बसलेला असतो.

पावसाळ्याबद्दल एक गोष्ट सर्वांसाठी. पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा सोल दमट हवेत न वापरताही आतून कुजतो. कपाटात चार-पाच वर्षं खोक्यात जपून ठेवलेले ट्रेकिंगचे बूट गडाच्या पहिल्याच चढावर तळासकट सुटतात, त्यामागे हेच कारण असतं. जुनी जोडी बाहेर काढली की सोल जोरात वाकवा आणि कडेला नखानं खरवडा. भुगा निघाला किंवा चिकट लागलं तर ती जोडी फेकून द्या. ओल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा, गॅसजवळ किंवा कडक उन्हात नाही, डिंक सुटतो. बोटांमध्ये चिखल्या झाल्या असतील तर तीच ओली जोडी दुसऱ्या दिवशी घालू नका.

पैसे एकदम खर्च करायचे नसतील तर क्रम असा ठेवा: आधी सासूबाईंची चप्पल आणि तपासणी, मग तुमची घरातली जोडी, मग मुलाच्या टाचेची पाचर, त्यानंतर तुमची शाळेची सँडल. यजमानांचे नवे शूज शर्यत झाल्यावर.